मोफत कोणाला परवडते? वेरूळची लेणी, अक्षयनिवी आणि मुक्त सॉफ्टवेअर

वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या बुद्ध लेण्याचे जुने लोकप्रचलित नाव ‘महारवाडा’ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकांनी ते जसेच्या तसे आपल्या ग्रंथांत छापले. त्याला लागून असलेल्या दक्षिणेकडच्या लेण्यांना ‘ढेडवाडा’ म्हणत, हेही त्यांनी नोंदवले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांची नावे गावाने बुद्ध लेण्यांना का द्यावीत? आपल्यातले काही लेखक यात बौद्ध भूतकाळाची लोकस्मृती पाहतात आणि बाबासाहेबांच्या १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाशी तिचा धागा जोडतात. आमचे मत थोडे सावध आहे. एका नावावरून इतिहास सिद्ध होत नाही. पण ओसाड पडलेले बुद्धाचे घर आणि वेशीबाहेरची वस्ती या दोन्हींना एकच शब्द वापरावा असे गावाला वाटले, एवढी गोष्ट त्या नावात नक्की आहे.

हे लेणे इतर विहारांसारखे चौकोनी नाही. सुमारे ११७ फूट लांबीचे दालन, २४ खांब, आणि मधोमध जमिनीतच कोरलेले दोन लांबलचक ठेंगणे बाक. कोणी म्हणते ही भोजनशाळा होती, कोणी म्हणते इथे बसून पठण चाले. काहीही असले तरी माणसे इथे एका पंगतीत, एका उंचीवर बसत होती हे त्या दगडावरून दिसते. मग प्रश्न येतो तो धान्याचा. या पंगतीतल्या माणसांचे पोट कोण भरत होते? चीवर कोण देत होते? आजारी पडल्यावर औषधाचे पैसे कुठून येत होते? लेणे कोणी खोदले यावर पुस्तके लिहिली गेली. लेणे चालवले कसे, यावर फार थोडे लिहिले जाते.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण वेरूळपासून फार लांबचे वाटेल. आज आपली पुस्तिका, आपले निवेदन, आपल्या जुन्या नियतकालिकांचे स्कॅन केलेले अंक ज्या साधनांवर तयार होतात त्यांपैकी बरीच साधने मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये बसवला जातो. अक्षरे लोहित किंवा मुक्ता यांसारख्या खुल्या परवान्याच्या टंकांतली असतात. जुन्या छापील पानातून मजकूर उचलायला टेसेरॅक्ट वापरता येते. ही साधने कोणीही घ्यावीत, उघडून पाहावीत, बदलावीत आणि पुढे वाटावीत असा त्यांचा परवाना आहे. युनिकोडच्या आधीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना या मोकळीकीची किंमत सांगावी लागत नाही. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक रचना वेगळी असे. एका दुकानात टाइप केलेले पुस्तक दुसऱ्या दुकानात उघडले की अक्षरांच्या जागी नुसता चिखल दिसे. आमच्या चळवळीतल्या कितीतरी स्मरणिका आणि कवितासंग्रह अशा फायलींत अडकून पडले. फाईल आहे, पण कुलूप दुसऱ्याच्या घरी.

पण मुक्त साधन बनवणारा माणूस जगतो कशावर, हे आपण कधी विचारत नाही.

मुक्त आणि मोफत यांतला घोळ आधी सोडवू. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. (योगायोग असा की वेरूळची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली तीही १९८३ मध्येच.) त्यांचे म्हणणे स्वातंत्र्याविषयी होते, किमतीविषयी नव्हते. त्यांनी आपल्या ईमॅक्स या प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकली आणि त्यात त्यांना विसंगती वाटली नाही. घेणाऱ्याला ती टेप पुढे फुकट वाटण्याची पूर्ण मुभा होती. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्याने जगभर गोंधळ झाला. मराठीत मुक्त आणि मोफत हे दोन वेगळे शब्द असताना आपण तोच गोंधळ आयात केला. मुक्त म्हणजे बंधन नसलेले. मोफत म्हणजे ज्याची मजुरी कोणी दिली नाही ते. पहिला शब्द आपल्या चळवळीचा आहे. दुसऱ्याशी आपले जुने भांडण आहे.

आता परत लेण्यांकडे. वेरूळच्या बुद्ध लेण्यांत दानाचा तपशील सांगणारे शिलालेख जवळजवळ नाहीत. ही लेणी उशिराची, साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. लेण्यांचा हिशेब वाचायचा तर चार-पाचशे वर्षे मागे आणि नाशिकला जावे लागते. तिथल्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच, पण त्यासोबत अक्षयनिवी म्हणून ३,००० कार्षापणही ठेवले. अक्षयनिवी म्हणजे न संपणारे मुद्दल. ही रक्कम त्याने संघाच्या हातात दिली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट कोरलेली आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यायचे होते.

हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, बरोबर २४०. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. दान देणाऱ्याने आधी विचारले होते की माणसे किती, एका माणसाला वर्षाला लागते किती, आणि तेवढे व्याज यायला मुद्दल किती ठेवावे लागेल. मग आकडा ठरला. आज ‘यथाशक्ती मदत करा’ असे लिहून खाली क्यूआर कोड लावणाऱ्या आपल्यापैकी कितीजण असा उलटा हिशेब करतात?

या व्यवस्थेची आणखी एक बाजू आहे. पैसा विणकरांच्या श्रेणीकडे होता, म्हणजे तो तिजोरीत पडून नव्हता. श्रेणीने तो सुतात आणि मागात गुंतवला, त्यातून कमावले आणि व्याज दिले. जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली. तिने ती ज्या श्रेणींकडे सोपवली त्यांत पाण्याची यंत्रे बनवणारे आणि तेली होते. विणकर, बुरूडकाम करणारे, तेली. पुढच्या शतकांनी ज्यांच्या हातकामाला हलके ठरवले तीच ही माणसे त्या काळात संघाच्या ठेवी सांभाळत होती. त्यांच्याकडे पत होती. हा इतिहास पाठ्यपुस्तकात ‘दानधर्म’ या एका शब्दात गुंडाळला जातो.

तिसरी बाब नोंदीची. उषवदाताचा व्यवहार निगमसभेत जाहीर झाला आणि फलकावर नोंदवला गेला, असे लेख सांगतो. म्हणजे ठेव देणारा एक, सांभाळणारा दुसरा, लाभ घेणारा तिसरा, आणि साक्षीला सगळे नगर. भिक्खूंनी सोनेनाणे हाताळू नये हा विनयाचा नियम होताच. पैसा संघाला बिघडवेल ही भीती तेव्हाही होती. तिच्यावर उत्तर म्हणून त्यांनी पैसाच नको असे म्हटले नाही, पैसा कोणाच्या हातात असावा याची व्यवस्था लावली.

उषवदाताला आम्ही डोक्यावर घेत नाही. ब्राह्मणांना गायी आणि गावे दान दिल्याचेही त्याने त्याच डोंगरात कोरून ठेवले आहे. राजेलोक सगळीकडे हात ठेवून असतात. आणि राजाश्रयाचा धोका काय असतो ते वेरुळातच पाहायला मिळते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांची सत्ता आली. दंतिदुर्गाचा लेख पंधराव्या लेण्यात आहे. त्याच्यानंतरच्या कृष्णराजाच्या काळात कैलास कोरला गेला. त्याच सुमारास बुद्ध लेण्यांचे खोदकाम थांबले. तीन मजल्यांचे बारावे लेणे हे इथले शेवटचे मोठे बुद्ध काम. यात छिन्नी धरणाऱ्या हातांचा दोष नाही. त्यांना मजुरी देणारा बदलला, त्याची आवड बदलली, आणि डोंगर त्याच डोंगरात दुसरीकडे वळला.

सॉफ्टवेअरमध्ये हेच घडते, फक्त शतकाऐवजी दोन-चार वर्षांत. ओपनऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या आश्रयाने वाढला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. धनी बदलला. काम करणाऱ्यांना आपले भवितव्य दिसले आणि त्याच वर्षी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेर पडून त्याच मुक्त संहितेवर लिब्रेऑफिस उभे केले. हे शक्य झाले ते मुक्त परवान्यामुळे. कैलास कोरणाऱ्या कारागिराला बारावे लेणे पाठीवर घेऊन जाता आले नसते, यांना आले. पण नुसत्या परवान्याने पोट भरत नाही. त्यांनी जर्मन कायद्याखाली प्रतिष्ठान काढायचे ठरवले. त्यासाठी ५०,००० यूरोचे मूळ भांडवल हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये लोकांना आवाहन केले आणि आठ दिवसांत ती रक्कम जमली. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ रीतसर नोंदले गेले. मूळ भांडवल, नोंदणी, आणि कोणत्याही एका कंपनीच्या हातात नसलेली व्यवस्था. उषवदाताच्या विणकरांना हे समजावून सांगायला वेळ लागला नसता.

याआधी २००२ मध्ये ब्लेंडर या त्रिमिती चित्रणाच्या प्रोग्रामची कंपनी बुडाली तेव्हा गुंतवणूकदारांनी तो मुक्त करण्यासाठी १,००,००० यूरो मागितले होते. तेही लोकवर्गणीतून सात आठवड्यांत जमले. म्हणजे लोक देत नाहीत, हे खरे नाही. कशासाठी, किती आणि कोणाकडे, हे स्पष्ट असले की लोक देतात.

आता आपल्या घरातला इतिहास. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले होते. पत्र निघणार याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून कमी सांगितले जाते ते पुढचे. त्याच वर्षी बाबासाहेब उरलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. एक मोठी देणगी मिळाली होती, पण ती अक्षयनिवी नव्हती. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. हाताखाली पगारी माणूस ठेवण्याइतके पैसे नव्हते. वकिली, अध्यापन, महाडचा सत्याग्रह, विधिमंडळ, हे सगळे सांभाळून एक माणूस पाक्षिक ओढत होता. अखेर त्यांनी वाचकांपुढे उघडपणे प्रश्न ठेवला की या पत्राचे समाजावर ऋण आहे की नाही, आणि असेल तर ते फेडायचे कोणी. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्रही थांबले.

त्या लेखाकडे आपण बाबासाहेबांच्या त्यागाची कहाणी म्हणून पाहतो आणि डोळे पुसतो. आमच्या मते ते चुकीचे वाचन आहे. ते मागणीपत्र आहे. समाज ज्याचा उपयोग करतो त्याचा खर्च समाजाने उचलावा, एका माणसाच्या झोपेतून तो वसूल करू नये, अशी ती मागणी आहे. तिचा अर्थ त्यांनी स्वतः पुढे संस्था काढून दाखवला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद झाले. नागसेनवनाची प्रत्येक वीट ही एका माणसाच्या मागे टिकून राहील अशी व्यवस्था लावण्याचा प्रयत्न होती. याच औरंगाबादेत पुढे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ कित्येक दशके चालवले. दलित साहित्याचे अर्धे दालन त्या त्रैमासिकातून उभे राहिले. त्याच्या वर्गणीदारांची यादी आणि त्यातून निघालेल्या लेखकांची यादी शेजारी ठेवली, तर कोणी किती घेतले आणि किती दिले ते कळेल.

एकट्याने चोवीस रकाने लिहिणारा माणूस आज सॉफ्टवेअरमध्ये जागोजागी आहे. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारे मुक्त साधन आहे. बँका, सरकारे, मोठमोठ्या कंपन्या, सगळे त्यावर अवलंबून. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सापडले तेव्हा जगाला कळले की या प्रकल्पाला देणगीतून वर्षाला मिळत होते जेमतेम २,००० डॉलर, आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. अब्जावधींचा व्यापार ज्या कुलपावर चालतो त्या कुलपाच्या कारागिराला कोणी विचारले नव्हते. भगदाड पडल्यावर कंपन्यांनी घाईघाईने निधी काढला.

त्याहून बोलकी गोष्ट २०२४ ची आहे. एक्सझेड नावाचे फायली दाबून लहान करणारे छोटे साधन आहे, लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे असणारे. लासे कॉलिन हे ते एकटे, विनामोबदला, सांभाळत होते. त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की आपली प्रकृती ठीक नाही आणि हे काम बिनपगारी आहे. त्यावर काही अनोळखी खात्यांनी त्यांच्यामागे तगादा लावला की काम जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. तेवढ्यात ‘जिया टॅन’ नावाने वावरणारा एक मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला, अधिकार मिळवले, आणि मग साधनात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉग-इन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो हे खटकले म्हणून मार्च २०२४ मध्ये ते उघडकीस आले. नाहीतर जगातल्या किती यंत्रांची दारे उघडी पडली असती याची कल्पनाच केलेली बरी. हल्लेखोराने संहितेतली फट शोधली नव्हती. त्याने शोधला तो थकलेला, बिनपगारी माणूस.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे बहुतेक सज्जन असतात. ज्ञान विकू नये, हे सेवाभावाने करायचे काम आहे, पैसा आला की निष्ठा जाते. आम्ही या सज्जनांना एकच विचारतो. फुकट शिकवण्याचा आदर्श ज्या परंपरेतून येतो, तिला राजे काय देत होते? अग्रहार. गावेच्या गावे, करमुक्त, पिढ्यान्‌पिढ्या. शिष्याकडून पैसा न घेणे परवडत होते, कारण शेतकऱ्याकडून महसूल येत होता. आजही पाहा. स्टॉलमन यांना १९९० मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्तीचे मोठे पाठबळ मिळाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते, आणि फिनलंडमध्ये शिक्षणाचा खर्च सरकार उचलते. आम्ही त्यांचे श्रेय कमी करत नाही. पण रात्री जागून फुकट संहिता लिहायला आधी रात्र मोकळी असावी लागते. घरात कर्ज नसावे लागते. गावाकडे दरमहा पैसे पाठवायचे नसावे लागतात. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत मुक्त सॉफ्टवेअरमध्ये योगदान देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष निघाले. जातीचा रकाना अशा पाहणीत नसतोच. तो असता तर काय दिसले असते याचा अंदाज आमच्या वाचकांना आहे. आणि पुढे नोकरी देताना कंपनी विचारते की तुमचे मुक्त प्रकल्पांतले योगदान दाखवा. म्हणजे फुकट काम करण्याची ऐपत ही गुणवत्ता म्हणून मोजली जाते.

दुसऱ्या टोकाला आपल्या समाजाचा अनुभव आहे. महारकीत रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे, सांगाती म्हणून चालायचे, टपाल न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे. बदल्यात तुकडाभर वतन जमीन आणि बलुत्याचे मिळाले तर मिळाले. यालाही सेवाच म्हणत. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या सेवेविरुद्ध. काम सरकारचे असेल तर वेतन सरकारने रोख द्यावे, हा त्याचा गाभा. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. ज्या समाजाने वेठ भोगली आहे त्याने दुसऱ्याच्या बिनपगारी श्रमावर आपली पुस्तके छापावीत आणि त्याला ‘फ्री मिळते’ म्हणावे, हे आम्हाला पटत नाही.

मग मार्ग कोणते? बाजाराचा एक मार्ग आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच यशस्वी झालेला दिसतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर मुक्त ठेवले आणि ते चालवून देण्याचे, सांभाळून देण्याचे पैसे घेऊन माणसांना पगार दिले. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे वापरणारा कारखानदार असतो, त्याला पैसे देणे भाग असते. मराठीच्या शुद्धलेखन तपासनिसाला, जुन्या खिळ्यांच्या छपाईतून मजकूर उचलणाऱ्या साधनाला, गोंडीच्या कळफलकाला कोणता कारखानदार गिऱ्हाईक मिळणार? बाजार त्याच्या गरजेचे तेवढे पोसतो.

दुसरा मार्ग मोठ्या देणगीदारांचा. झिरोधा या बंगळुरूच्या कंपनीने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. घ्यावा, जरूर अर्ज करावेत. पण शाहू महाराजांचे २,५०० रुपये आठवावेत आणि अर्ज करतानाच पुढच्या वर्षाचे काय, हे विचारावे. तिसरा मार्ग सरकारचा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचे काम रखडले म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारकडून पैसा मागणे हा आपला हक्क आहे. पण केवळ त्याच्याच भरवशावर राहिलो तर काय होते हे त्या प्रकरणाने दाखवले.

उरतो तो श्रेणीचा मार्ग, आणि तो भावनेने चालत नाही, आकड्याने चालतो. म्हणून उषवदातासारखा उलटा हिशेब मांडू. एका मराठी तरुण-तरुणीने पूर्णवेळ आपल्या भाषेची मुक्त साधने सांभाळावीत, पगार महिन्याला ४०,००० रुपये. वर्षाचे झाले ४,८०,०००. मुद्दलावर ६ टक्के मिळतात असे धरले आणि सगळे व्याज खर्च केले तर ८० लाख रुपये मुद्दल लागेल. पण महागाई मुद्दल कुरतडते, कार्षापणाचेही तेच झाले असणार. म्हणून २ टक्के मुद्दलातच परत टाकायचे आणि ४ टक्केच वापरायचे ठरवले तर लागतील १ कोटी २० लाख. म्हणजे प्रत्येकी १,००० रुपये देणारी १२,००० माणसे. एका जिल्ह्यातल्या जयंती मंडळांच्या वर्गण्यांची बेरीज ज्यांनी केली आहे त्यांना हा आकडा अचाट वाटणार नाही. एका वर्षात जमणार नाही, पाच वर्षांत जमेल. तोवर व्याज हातात येईल तेवढ्यात अर्धवेळ माणूस ठेवता येईल.

मुद्दल कोणाकडे ठेवायचे हा खरा वादाचा मुद्दा आहे. प्रकल्पाच्या हातात नको, हे आमचे मत ठाम आहे. संहिता लिहिणाऱ्याने पावत्या फाडत बसू नये. परदेशात सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीसारख्या संस्था २००६ पासून हेच करतात. गिटसारख्या प्रकल्पांचा पैसा आणि करार त्या सांभाळतात, काम करणारे काम करतात. आपल्याकडे न्यास नोंदवावा लागेल, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागेल, परदेशी नागरिक असलेल्या बांधवांकडून घ्यायचे तर एफसीआरएची परवानगी लागेल. कोणा एका नेत्याच्या घरात न्यास नको, विश्वस्तांची मुदत ठरलेली हवी, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत की आपल्याच एखाद्या कामगार पतसंस्थेत, यावर आमच्यातही एकमत नाही. पतसंस्थेत ठेवली तर पैसा आपल्या माणसांच्या धंद्यात फिरेल, विणकरांच्या श्रेणीसारखा. पण बुडालेल्या पतसंस्थाही मराठवाड्याने पाहिल्या आहेत. तेव्हा सुरुवात बँकेतून व्हावी असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटते.

पहिले काम मात्र ठरलेले आहे. आपल्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांची पाने पिवळी पडली आहेत, काहींना हात लावला तर तुकडे पडतात. ती स्कॅन करणे सोपे आहे. त्यांतला मजकूर बिनचूक उचलून शोधता येईल असा करणे अवघड आहे, कारण त्या काळचे खिळे, तुटलेल्या मात्रा आणि जुने शुद्धलेखन आजच्या साधनाला नीट वाचता येत नाही. टेसेरॅक्टला ते शिकवावे लागेल. हजारो ओळी हाताने तपासून द्याव्या लागतील, आणि त्या तपासणाऱ्या मुलामुलींना दर ओळीमागे पैसे द्यावे लागतील. दर किती असावा, हे ज्यांनी डीटीपीचे काम केले आहे त्यांनी आम्हाला कळवावे.